चेंडूची कॉपी होत नाही

जुनी गेम मशीन घरात गोळा करणाऱ्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. आर्केडमधल्या व्हिडिओ गेम घ्यायच्या, की पिनबॉल? वाद मुख्यतः अमेरिकेतला. तिथे घराखाली बेसमेंट असतं, गॅरेज असतं. आपल्याकडे वन बीएचकेमध्ये शंभर किलोच्या वरचं धूड आणायचं म्हटलं, तर घरचे मशीनऐवजी आपल्यालाच जिन्यात उभं करतील. तरी या वादाच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये, क्लाउडमध्ये, जुन्या हार्ड डिस्कमध्ये बसलेला आहे: एखादी गोष्ट जपायची म्हणजे तिच्यातलं नेमकं काय जपायचं?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्याची एक न बोललेली श्रद्धा असते, की यंत्र येतं-जातं, कोड राहतो. आर्केडच्या व्हिडिओ गेम या श्रद्धेच्या बाजूने साक्ष देतात. १९८० चा 'पॅक-मॅन' घ्या. झेड-८० प्रोसेसर, वेग साधारण ३ मेगाहर्ट्झ, आणि अख्खा प्रोग्रॅम १६ किलोबाइटचा. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटो याहून कितीतरी जड असतो. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' नावाचा एम्युलेटर काढला, आणि आर्केड बोर्डांवरच्या चिपमधला कोड साध्या कॉम्प्युटरवर चालू लागला.

यात नक्कल किती खरी असते? पॅक-मॅनमध्ये लेव्हल मोजायला एकच बाइट ठेवलेला आहे. २५६ व्या लेव्हलला तो उलटून शून्यावर जातो. तळाशी फळं काढणाऱ्या कोडचा हिशोब फिसकटतो आणि स्क्रीनचा उजवा अर्धा भाग कचऱ्याने भरतो. एम्युलेटरवरही तो तसाच भरतो, त्याच जागी, त्याच कचऱ्याने. चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते, याहून मोठा पुरावा कोणता?

मग तीच गेम हजारो डॉलर मोजून लाकडी खोक्यात घेणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? माझं उत्तर थोडं कडू आहे: बहुतेक वेळा तो फर्निचर घेतो. गेम तर आधीच वाचलेली आहे. कॅपकॉमच्या 'सीपीएस-२' बोर्डांची गोष्ट बघा. कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने कोड कूटबद्ध केला आणि त्याची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली. बॅटरी मेली की किल्ली गेली, आणि बोर्ड ठार. हौशी मंडळींनी ते कूट फोडलं म्हणून आज मेलेले बोर्डही पुन्हा चालवता येतात. म्हणजे मूळ वस्तू मरायच्या बेतानेच बनवली होती, आणि तिला वाचवलं कॉपी करणाऱ्यांनी.

आपल्याकडेही हेच झालं. कॅपकॉमची १९९३ ची 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' महाराष्ट्रातल्या पार्लरमध्ये या नावाने क्वचितच कुणी ओळखायचं. तिचं नाव 'मुस्तफा', कारण चार हिरोंपैकी सगळ्यांना हवा असायचा तो एक. आमच्या गावच्या पार्लरचं पुढे मोबाइल रिचार्जचं दुकान झालं आणि मशीन कुठे गेलं कुणाला ठाऊक नाही. मुस्तफा मात्र आज माझ्या फोनमध्ये पळतो आहे. त्यासाठी कुणाला खोकं जपावं लागलं नाही.

अर्थात, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणं बरोबर नाही. १९७९ ची 'अ‍ॅस्टेरॉइड्स' व्हेक्टर मॉनिटरवर चालायची. इलेक्ट्रॉनचा झोत आडव्या ओळी न भरता थेट रेषा काढायचा, त्यामुळे गोळीचा ठिपका अंधारात निखाऱ्यासारखा पेटायचा. आपल्या एलसीडीवर ती रेषा येते, निखारा येत नाही. सीआरटीच्या काचेमागची चमक, जॉयस्टिकचा 'टक्' आवाज, गुडघ्याला लागणारा पत्रा, यातलं काहीच रॉममध्ये नसतं. हे जपणारा कलेक्टर फर्निचरपेक्षा जास्त काहीतरी जपतो, हे मान्य. पण तो गेमचा पेहराव जपतो. गेम त्याच्याशिवायही जिवंत राहते.

पिनबॉल इथेच वेगळा पडतो.

कामानिमित्त काही महिने शिकागोजवळ राहिलो, तेव्हा एका सहकाऱ्याच्या बेसमेंटमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहिले. शिकागो ही पिनबॉलची पंढरी. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या सगळ्या कंपन्या तिथल्या. त्याच्याकडे बॅलीचं १९९२ चं 'द अ‍ॅडम्स फॅमिली' होतं, पॅट लॉलर यांनी डिझाइन केलेलं. या मॉडेलची २० हजारांहून जास्त मशीन बनली. त्याने खेळायची फळी वर उचलून टेकवली आणि मी खालची बाजू बघत राहिलो. वायरींच्या जुड्या, तांब्याची कॉइल, स्विच, स्प्रिंगा. फ्लिपरच्या कॉइलला सुमारे ५० व्होल्टचा झटका बसतो आणि ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू वर उडतो. फळीचा उतार साधारण साडेसहा अंशांचा. मशीन जास्त हलवलं, तर आत टांगलेला ओळंबा भोवतीच्या कड्याला टेकतो आणि 'टिल्ट', म्हणजे चेंडू गेला. गवंड्याचा ओळंबा आणि मायक्रोप्रोसेसर एकाच पेटीत!

या मशीनमध्येही रॉम आहे, आणि तिचीही कॉपी होते. पण त्या रॉमला चेंडू दिसत नाही. तिला एवढंच कळतं, की अमुक स्विच दाबला गेला. दोन स्विचच्या मधलं सगळं, म्हणजे घरंगळणं, रबरावरून उसळणं, कडेवर थबकणं, तिच्या हिशोबाबाहेर आहे. म्हणजे गेम जिथे घडते, ती जागा कोडमध्ये नाहीच. कॉम्प्युटरवरच्या पिनबॉलला हा मधला भाग भौतिकशास्त्राच्या अंदाजाने भरावा लागतो.

तो अंदाज किती नाजूक असतो याचं उदाहरण तुम्ही स्वतः खेळलेलं असेल. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की विंडोज एक्सपीवर उघडायची ती 'स्पेस कॅडेट'. पुढच्या विंडोज व्हिस्टात ती गायब झाली. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी नंतर कारण लिहिलं: ६४ बिटसाठी कोड बदलल्यावर चेंडूची टक्करच नीट ओळखली जाईना, तो वस्तूंच्या आरपार जायचा. खऱ्या मशीनला हा प्रश्न कधीच पडला नाही. पोलाद रबरातून जात नाही, हे तिथे कुणाला लिहावं लागत नाही.

अ‍ॅडम्स फॅमिलीतली एक सोय मला सगळ्यात आवडली. ठरावीक वेळी मशीन स्वतःच एक फ्लिपर मारून नेम धरतं. नेम चुकला तर पुढच्या वेळी मारण्याची वेळ किंचित बदलतं, आणि असं करत शिकत जातं. कारण लिहिणाऱ्याला माहीत होतं, की कॉइल दमेल, रबर झिजेल, आणि दोन मशीन कधी एकसारखी नसतील. माझ्या कामात मी 'सगळीकडे सारखं चाललं पाहिजे' या हट्टाने कोड लिहितो. इथे कुणीतरी झिजेचा मान ठेवून कोड लिहिला होता.

म्हणून माझा निकाल पिनबॉलच्या बाजूने आहे. पिनबॉल ठेवणारा माणूस मालक कमी आणि सांभाळणारा जास्त असतो. खेळलं तर मशीन झिजतं. नुसतं ठेवलं तर रबर कडक होतं आणि बॅटरी गळून बोर्ड खाते. त्याने रबर बदलणं, फळी पुसणं, स्विचची पाती वाकवून जुळवणं थांबवलं, तर ती गेम संपली; तिची कॉपी कुठेही नाही. १९९९ मध्ये विल्यम्सने पिनबॉल बंद केलं आणि मोठ्या प्रमाणावर नवी मशीन बनवणारी स्टर्न ही एकच कंपनी उरली. त्या पडत्या काळात शेकडो मॉडेल जिवंत राहिली, त्यात गॅरेजमध्ये सोल्डरिंग करणाऱ्या हातांचा वाटा मोठा आहे.

पण घरी आणल्यावर दोन्हीकडून एक गोष्ट हरवते, आणि कलेक्टर तिच्याबद्दल फार बोलत नाहीत: नाण्याची भीती. आर्केडची गेम तुम्हाला दोन-तीन मिनिटांत मारायलाच लिहिलेली असते, म्हणजे पुढचं नाणं पडेल. घरी नाणं नसतं, आणि तीच गेम अचानक पोकळ वाटते. बटण दाबत राहा, मुस्तफा अमर. पिनबॉलवाले यावर निदान इलाज करतात: उतार वाढवतात, ओळंबा कडक करतात, कडेच्या वाटा रुंद करतात. फुकट झालेला खेळ स्वतःसाठी अवघड करून घ्यायचा, हा मला या छंदातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

नाण्यासोबत अनोळखी माणसंही हरवतात. १९४२ मध्ये न्यू यॉर्कने पिनबॉलवर जुगार म्हणून बंदी घातली. पोलिसांनी मशीन हातोड्यांनी फोडली. फ्लिपर आले ते त्यानंतर, १९४७ मध्ये. १९७६ साली रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर चेंडू कुठून जाणार हे आधी सांगून सोडला आणि तो तिथूनच गेला. हा नशिबाचा खेळ नाही, हाताचा आहे, हे त्यांनी चारचौघांत दाखवलं आणि बंदी उठली. कुलूपबंद बेसमेंटमध्ये तो शॉट कुणी पाहिला असता?

म्हणून मला लास वेगसचं 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' कुठल्याही खासगी संग्रहापेक्षा मोठं वाटतं. तिथे जुनी मशीन रांगेत उभी आहेत, आणि खेळायला आजही नाणं टाकावं लागतं. जागा असेल, तर पिनबॉलच घ्या. पण आठवड्यातून एक संध्याकाळ दार उघडं ठेवा, आणि पोरांच्या हातात चार नाणी द्या. चेंडू कसा हरतो, हे कुणीतरी शेजारी उभं राहून बघायला हवं.