वास्तुचित्रातील माणूस : शिरूर-दौंडच्या संदर्भात

नियोजित वास्तूच्या संगणकीय चित्रात मानवाकृती घातली जाते ती प्रामुख्याने प्रमाण कळावे म्हणून. ल कॉर्ब्युझिए यांनी ‘मोड्युलर’ या मापपद्धतीसाठी १८३ सेंटिमीटर उंचीचा पुरुष प्रमाण मानला. अर्थात आकृती निवडतानाच वास्तू कोणासाठी, हेही ठरत असते. चित्र उभ्या माणसाच्या नजरेतून घेतल्यास सपाट जमिनीवरील जवळच्या-दूरच्या प्रौढ आकृतींचे डोळे क्षितिजरेषेच्या आसपास येतात. हा नियम सर्वत्र सारखाच. सावली मात्र स्थळानुरूप बदलते. शिरूर व दौंड येथे मे महिन्याच्या मध्यास माध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळच्या दृश्यात लांब सावलीची आयती आकृती खोटी वाटते.

एवढे तंत्र साधले तरी आकृती तेथील होतेच असे नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची, तर दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. येथील गृहसंकुलाच्या चित्रात रात्रपाळीहून डबा घेऊन परतणारा कामगार आणि ओट्यावर बसलेली आजी दाखविल्यास आराखड्याला उत्तर द्यावे लागते : दिवसा झोपण्यास शांत खोली, दुपारी टेकण्यास सावली आहे काय? मानवाकृतीचे खरे मोल या प्रश्नात आहे.