काळीभोर आणि काळीकुट्ट

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. भिल्ली बोलींच्या जोडीला खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, त्यात आहे. सर्वेक्षणात बोलीबोलीला तेच ठरावीक शब्द आणि तीच वाक्ये विचारली होती: चांगला, त्याहून चांगला, सर्वांत चांगला, उंच, त्याहून उंच, सर्वांत उंच. पुढे भाऊ बहिणीपेक्षा उंच असल्याचे एक वाक्यही येते. त्या साध्या वाक्यावर माझा फार जीव आहे.

खानदेशातल्या चोपड्यात ते आज असे ऐकू येईल: 'त्याना भाऊ बहीनपेक्षा उंच शे.' 'उंच' हा शब्द जागचा हललेला नाही. तुलनेचा सगळा भार बहिणीने घेतला आहे. 'पेक्षा' तिलाच लागला. शिवाय ती आधी येते आणि उंची नंतर. ज्याच्याशी मापायचे ते अगोदर समोर ठेवायचे आणि मग बोलायचे, ही शिस्त प्रमाण मराठीचीही आहे. कझाख भाषा वेगळ्याच कुळातली, पण तिथेही ज्याच्याशी तुलना त्या नामाला 'दान', 'देन' असा पंचमीचा प्रत्यय लागतो आणि विशेषण मागून येते. तिच्याकडे विशेषणाला जोडायचा प्रत्ययही आहे. 'उल्केन' म्हणजे मोठा, 'उल्केनिरेक' म्हणजे जरा अधिक मोठा. शब्दातले स्वर पाहून 'रेक' किंवा 'राक' ठरतो. नामाला 'दान' लागला असेल तर हा प्रत्यय नसला तरी भागते. आपल्याकडे तसा प्रत्यय संस्कृतातून आलेला 'तर' आणि 'तम'. तो 'उच्चतम', 'प्रियतम' अशा छापील शब्दांत राहिला, बांधावर उतरला नाही.

बाजार समितीच्या भावफलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे दर असतात. कापूस घेऊन आलेला माणूस मात्र विचारतो, 'जास्तीत जास्त काय निघाला?' जास्तीच्या आत शिरून पुन्हा जास्त शोधायचे, ही घडण मला 'सर्वाधिक'पेक्षा कितीतरी जिवंत वाटते. तिच्यात वरून खाली पाहणे नाही, ढिगात हात घालणे आहे.

पण मराठीचे खरे वैभव ग्रिअर्सनच्या त्या प्रश्नावलीत मावणारे नव्हते. तापीकाठची जमीन काळीभोर. तिला कोणी काळीकुट्ट म्हणणार नाही. दोन्हींत काळेपणाची कमाल आहे, पायरी एकच. तरी 'भोर'मध्ये माया आहे, पीक येईल हा भरवसा आहे, आणि 'कुट्ट'मध्ये अमावस्येचा धाक. डोळे काळेभोर, केस काळेभोर, अंधार काळाकुट्ट. तसेच पांढऱ्याचे. धुतलेले धोतर पांढरेशुभ्र, आणि वाईट बातमी ऐकलेल्याचा चेहरा पांढराफटक. लालभडक मिरची नुसती पाहूनच ठसका लागतो. लालचुटूक ओठांना तो 'भडक' सोसणार नाही. हे शेपूट निवडताना बोलणारा दोन गोष्टींची तुलना करतच नाही, तो आपले मन सांगतो. 'सर्वांत काळी' म्हणायला दुसऱ्या जमिनी लागतात. 'काळीभोर' म्हणायला एकच जमीन पुरते.

कझाखमध्येही अशी कमाल आहे, आणि तिची रीत ऐकायला फार गोड आहे. शब्दाचा पहिला तुकडा घ्यायचा, त्याला 'प' लावायचा आणि तो शब्दाच्या पुढे ठेवायचा. 'कारा' म्हणजे काळा, 'काप-कारा' म्हणजे काळाकुट्ट. 'सारी' पिवळा, 'साप-सारी' पिवळाधमक. 'झासिल' हिरवा, 'झाप-झासिल' हिरवागार. ओठ मिटून 'प' म्हणताना रंग क्षणभर अडतो आणि मग पूर्ण बाहेर पडतो. आपली भर शब्दाच्या मागे पडते, त्यांची पुढे. पण त्यांचा 'काप' नियमाने येतो, म्हणून काळ्या डोळ्यांना आणि काळ्या रात्रीला तो सारखाच. भोर आणि कुट्ट यांतली निवड मराठीने बोलणाऱ्यावर सोपवली आहे.

उतरती बाजूही दोघींकडे आहे. लालसर, हिरवट, पांढुरका हे आपले. 'किझिल' म्हणजे लाल, त्याचा 'किझगिल्त' म्हणजे लालसर हे त्यांचे. चोपडा तालुका केळीचा. घड कापून ठेवला की माणूस सालीचा रंग बघतो, आणि हिरवीगार, हिरवट, पिवळसर, पिवळीधमक या चार शब्दांत केळ्याचे सगळे पिकणे येते. यातल्या एकालाही 'पेक्षा' लागत नाही.