पोलिसी प्रेम-रहस्यकथेतील वास्तवता

पोलीस अधिकाऱ्याच्या प्रेम-रहस्यकथेतील वास्तवता केवळ तपासपद्धतीच्या अचूकपणावरून ठरविणे अपुरे होय. नायो मार्श यांच्या ‘आर्टिस्ट्स इन क्राइम’ (१९३८) या कादंबरीत स्कॉटलंड यार्डचा अधिकारी अ‍ॅलन ज्या ट्रॉय या चित्रकर्त्रीवर अनुरक्त होतो, तिच्याच घरी खून घडतो आणि तपासही त्याच्याकडेच येतो. कार्यालयीन संकेत येथे सैल सुटला आहे, हे उघड आहे. संवाद मात्र खरे उतरले आहेत. प्रश्नाचा अधिकार एकाकडे आणि उत्तराचे बंधन दुसरीकडे असता साधी विचारपूसही जबानीचे रूप घेते. ट्रॉयचा होकार त्याच वर्षीच्या ‘डेथ इन अ व्हाइट टाय’च्या अखेरीपर्यंत लांबतो. समान पातळीवर बोलू लागण्यास दोघांना एवढा अवधी लागणे स्वाभाविकच. बहुतेक प्रेमकथाकार तो देत नाहीत.