'मागे' म्हणजे नक्की कुठे?

आमच्या परिचयाच्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत. एका दुपारी त्या वर्गातल्या ४० मुलांची माहिती मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये भरत बसल्या होत्या. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, असे एकेक रकाने. ३१ मुले भरून झाली. तेवढ्यात त्याच ॲपचे नोटिफिकेशन आले, 'नवे परिपत्रक'. बाईंनी त्यावर बोट टेकवले, परिपत्रक वाचले आणि 'मागे'चे बटण दाबले. समोर मुलांची यादी यायला हवी होती. आले ते ॲपचे पहिले पान. तिथून पुन्हा यादीत शिरून पाहिले तर सगळे रकाने कोरे!

हा प्रसंग सांगताना बाई म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असणार. मला या मोबाइलमधलं फारसं कळत नाही." आमच्या मते त्यांचे काहीही चुकले नव्हते. मात्र 'मागे' या शब्दाचा त्यांनी घेतलेला अर्थ आणि ॲप बनवणाऱ्याने घेतलेला अर्थ हे निराळे होते. हा फरक केवळ एका प्रोग्रॅमरच्या निष्काळजीपणाचा आहे असेही नाही. अँड्रॉइड फोनसाठी ॲप लिहिणाऱ्यांना गूगलने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत, त्यांतल्या एका तत्त्वाशी या प्रसंगाची लक्षणे हुबेहूब जुळतात. त्या तत्त्वांचे परीक्षण करण्याचा आमचा येथे विचार आहे.

उतरंडीचा नियम

प्रथम यंत्राला 'मागे' कसे कळते ते पाहू. पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या दृश्याला आपण 'पान' म्हणू. आपण पहिल्या पानावरून यादीवर गेलो, यादीवरून एका मुलाच्या माहितीवर गेलो, की फोन ही पाने एकावर एक रचत जातो. जुन्या घरांतली मडक्यांची उतरंड आठवा. सर्वांत शेवटी ठेवलेले मडके सर्वांत वर असते आणि काढताना तेच प्रथम काढावे लागते. 'मागे' दाबणे म्हणजे वरचे मडके उचलून बाजूला करणे. त्याखाली जे असेल ते आपल्याला दिसते.

संगणकशास्त्रात ही रचना फार जुनी आहे. ॲलन ट्यूरिंगने १९४५-४६च्या सुमारास आपल्या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिताना अशाच क्रियेला 'पुरणे' आणि 'उकरणे' या अर्थाचे शब्द वापरले होते. एक काम अर्धवट ठेवून दुसरे करायचे, ते संपले की पहिल्याकडे नेमके परत यायचे, यासाठी ती कल्पना होती. १९५७ साली जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजचा प्रत्येक संगणक आपल्या पोटात असंख्य वेळा ही रचना वापरतो.

यंत्राला सोयीची असलेली ही रचना माणसाच्या आठवणीशी मात्र पूर्णपणे जुळत नाही. वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. चार कार्डांवर क, ख, ग, घ ही अक्षरे लिहा. टेबलावर क ठेवा, त्यावर ख, त्यावर ग. आता दोनदा 'मागे' या, म्हणजे ग आणि ख उचलून बाजूला ठेवा. उरला क. त्यावर घ ठेवा. आता विद्यार्थ्यांना विचारा : "मागे, मागे जात राहिलो तर ग पुन्हा भेटेल का?" आपण ग पाहिला होता हे सर्वांना आठवत असते, म्हणून अनेक जण 'हो' म्हणतील. उतरंडीत मात्र ग आता कुठेच नाही.

अँडी कॉकबर्न आणि स्टीव्ह जोन्स यांनी १९९६ साली वेब-ब्राउझर वापरणाऱ्यांच्या बाबतीत हेच दाखवले. 'मागे' बटण नेमके कसे चालते याविषयी लोकांच्या मनातले चित्र चुकीचे होते. आणि हे बटण काही क्वचित वापरण्याचे नाही. लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ जणांच्या सुमारे ६ आठवड्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. लोक उघडत असलेल्या पानांपैकी ५८ टक्के पाने त्यांनी आधीच पाहिलेली होती आणि एकूण हालचालींपैकी जवळजवळ एकतृतीयांश 'मागे' या बटणाने होत होत्या. म्हणजे माणूस माहितीच्या जगात सतत पुढे धावत नाही. तो थोडे पुढे जातो, परत येतो, पुन्हा दुसऱ्या दिशेने जातो. परतीची वाट ही त्याची मूलभूत गरज आहे.

पाच तत्त्वे

आता मूळ विषयाकडे वळू. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनवर 'मागे'साठी स्वतंत्र कळ होती. २०११ साली अँड्रॉइडच्या तिसऱ्या आवृत्तीत तिच्या जोडीला पानाच्या डोक्यावर आणखी एक खूण आली, तिचे नाव 'वर'. दोहोंत फरक होता. 'मागे' म्हणजे काळाने मागे, ज्या पानावरून आलो तिथे. 'वर' म्हणजे जागेने वर, ज्या प्रकरणात हे पान मोडते त्या प्रकरणाच्या सुरुवातीला. ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तक हातावेगळे झाल्यावर मी ज्या टेबलावरून उठलो तिथे परत जाणे म्हणजे 'मागे'. ते पुस्तक ज्या कपाटातले आहे त्या कपाटाशी जाणे म्हणजे 'वर'. फरक तर्कशुद्ध होता, पण वापरणाऱ्यांना तो कळेना आणि प्रोग्रॅमरांनाही नीट पाळता येईना.

२०१८ साली गूगलने पानांची ये-जा सांभाळणाऱ्या तयार प्रोग्रॅमांचा एक संच प्रोग्रॅमरांना दिला आणि त्याबरोबर तत्त्वेही मांडली. ती पाच आहेत. पहिले, प्रत्येक ॲपचे सुरुवातीचे पान ठरलेले असावे. ॲपमधून बाहेर पडताना शेवटी तेच दिसावे. दुसरे, पानांचा इतिहास उतरंडीच्या रूपात ठेवावा. तिसरे, ॲपच्या आत 'वर' आणि 'मागे' यांनी एकच काम करावे. चौथे, 'वर'ने कधीही ॲपच्या बाहेर नेऊ नये. पाचवे, नोटिफिकेशनसारख्या आडवाटेने कोणी थेट आतल्या पानावर उतरला, तर तो जणू मुख्य दारातून एकेक पान चालत तिथवर आला आहे असे ॲपने वागावे.

पहिली चार तत्त्वे आम्हाला मोलाची वाटतात. पहिल्याने वापरणाऱ्याला एक ओळखीचा उंबरठा मिळतो. दुसऱ्यात वर सांगितलेली उणीव आहे खरी, पण उतरंड निदान अंदाज करता येण्याजोगी आहे. तिसऱ्याने दोन खुणांचा गोंधळ पुष्कळ कमी केला. चौथ्याचा विचार तर विशेष बारकाईने झाला आहे. दुसऱ्या ॲपमधल्या दुव्यावरून कोणी आत आला, तर 'वर' त्याला या ॲपच्या आतल्या पानांकडे नेईल आणि 'मागे' मात्र ज्या ॲपमधून तो आला तिकडे नेईल, असे तिथे सांगितले आहे. काळ आणि जागा यांतला भेद तेथे बरोबर जपला गेला आहे.

न चाललेली वाट

आमचा आक्षेप आहे तो पाचव्या तत्त्वाला. नोटिफिकेशनवर बोट टेकवले, की या संचातील ठरलेल्या पद्धतीनुसार आधीची उतरंड मोडून टाकली जाते आणि तिच्या जागी एक नवी उतरंड रचली जाते : खाली सुरुवातीचे पान, वर हवे ते पान. ही उतरंड वास्तव वाटेल अशी असावी, वापरणारा स्वतः चालत आला असता तर जशी झाली असती तशी असावी, एवढी काळजी घेतलेली असते. पण तो तसा चालत आलेला नसतो! बाईंच्या बाबतीत बहुधा हेच घडले. यादीचे पान उतरंडीत होते, ३१ मुलांच्या माहितीसह. परिपत्रक उघडताना ती उतरंड मोडली. 'मागे' दाबल्यावर ॲपने त्यांना असा भूतकाळ दाखवला, जो त्यांच्या आयुष्यात घडलाच नव्हता.

या तत्त्वाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ॲप बंद असताना नोटिफिकेशन आले तर त्याआधीचा इतिहासच नसतो. तेव्हा 'मागे' दाबल्यावर एकदम ॲपच्या बाहेर फेकले जाण्यापेक्षा त्याच विषयाच्या यादीवर पोचणे सोयीचे ठरते. निरोप वाचला, मागे आलो, बाकीचे निरोप दिसले, हे अनेकांना हवेच असते. शिवाय कोठूनही आलो तरी परतीची वाट एकसारखी राहते. जिथे इतिहास नाही तिथे सोयीची वाट बांधून देणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो जिथे खरा इतिहास आहे तिथला. माणसाने स्वतः चाललेली वाट पुसून तिच्या जागी आखीव वाट घालण्याचा अधिकार ॲपला कोणी दिला?

तुलनेसाठी आयफोन पाहावा. २००७च्या पहिल्या आयफोनवर 'मागे'ची कळच नव्हती. प्रत्येक ॲपने पानाच्या डाव्या कोपऱ्यात परतीची खूण द्यायची, अशी रीत पडली. बऱ्याचदा त्या खुणेवर आधीच्या पानाचे नावही असते, त्यामुळे दाबण्यापूर्वीच कुठे जाणार हे कळते. २०१५ साली आयफोनच्या प्रणालीच्या नवव्या आवृत्तीत, एका ॲपमधून दुसऱ्यात गेल्यास अगदी वर एक छोटा दुवा दिसू लागला, पहिल्या ॲपच्या नावासह. तो नेम धरून दाबावा लागतो इतका लहान आहे, तरी दोन प्रकारचे 'मागे' त्यात स्पष्ट वेगळे ठेवले आहेत. याउलट फोनवर सर्वत्र सारखे चालणारे 'मागे' आयफोनला अजून नीट साधलेले नाही. अँड्रॉइडची ती मोठी जमेची बाजू आहे.

गूगललाही ही अडचण जाणवली असावी. २०२२च्या अँड्रॉइड १३पासून अशी सोय येऊ लागली, की बोट पडद्याच्या कडेने आत सरकवताना मागे काय आहे याची झलक दिसते. पटले नाही तर बोट परत न्यावे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, कारण ती वापरणाऱ्याला आधी सांगते आणि मग नेते. पण उतरंडच बदलून टाकली असेल, तर झलक दिसणार तीही त्या बदललेल्या वाटेचीच.

मग करावे काय?

उपाय अवघड नाहीत. ॲप आधीपासून चालू असेल, तर परिपत्रकाचे पान आहे त्या उतरंडीवरच ठेवावे. वाचून झाले की ते उचलले जाईल आणि खाली अर्धवट यादी तशीच असेल. पान मोडणे भागच असेल, तर त्यावर लिहिलेला मजकूर आधी फोनच्या कायम स्मृतीत मसुदा म्हणून साठवावा. पुढे जाण्यापूर्वी 'भरलेली माहिती जतन झालेली नाही' एवढे एक वाक्य तरी दाखवावे. २०२५ साली गूगलने मांडलेल्या नव्या संचात ही उतरंड प्रोग्रॅमरच्या हातातली एक साधी यादी झाली आहे. तिच्यात काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तोच ठरवतो. तेव्हा 'प्रणालीच तशी आहे' ही सबब यापुढे चालणार नाही.

शिक्षकांना आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत, कारण चुकीच्या रचनेचा भार नेहमी सर्वांत कमी आत्मविश्वास असलेल्या माणसावर पडतो. सराईत माणूस ॲपला दोन शिव्या देतो आणि पुन्हा भरू लागतो. नवखा माणूस स्वतःला दोष देतो आणि पुढच्या वेळी नोटिफिकेशनला हात लावायला घाबरतो. यंत्राच्या नियमाने माणूस अडाणी ठरावा, ही काही विज्ञानाची शोभा नव्हे.

तेव्हा विद्यार्थ्यांना एक तपासणी जरूर करायला द्यावी. घरातल्या फोनवरची पाच ॲप घ्यावीत. प्रत्येकात काहीतरी अर्धवट लिहावे, मग त्याच ॲपच्या एखाद्या नोटिफिकेशनवरून आत जावे आणि 'मागे' दाबावे. काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे दोन रकान्यांत लिहावे. आधी अंदाज, मग निरीक्षण, हा प्रयोगाचा क्रम मोडू नये. बाईंनी हा तक्ता पाहिला, की यंत्र चुकले तेथे आपण चुकलो असे त्या म्हणणार नाहीत, अशी आमची खात्री आहे. आणि वर्गातला एखादा विद्यार्थी पुढे ॲप लिहू लागला, तर 'मागे' हे बटण म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द आहे, हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.