तोनसाईच्या कातळातला टायटॅनियम

थायलंडच्या क्राबी प्रांतात रायले आणि तोनसाई हे किनारे एकमेकांना खेटून आहेत. वाळूतूनच चुनखडीचे कडे उठतात आणि काही ठिकाणी इतके पुढे झुकतात की त्यांच्या पोटाला पावसाचा थेंबही लागत नाही. जगभरातले आरोहक या कड्यांवर लीड करायला येतात आणि परतल्यावर वर्णन करतात ते चुनखडीच्या लोंबत्या झुंबरांचं, खालच्या हिरव्या पाण्याचं. मला या कड्यांवरची सर्वांत देखणी गोष्ट वाटते ती वेगळीच: कातळातून जेमतेम दोन बोटं बाहेर आलेली, करड्या रंगाची एक कडी. टायटॅनियमचा बोल्ट.

त्याची गोडी कळायला आधी लीड म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं. दोर वरून आलेला नसतो, चढणारा तो खालून स्वतःबरोबर नेतो. वाटेतल्या प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ, म्हणजे दोन्ही टोकांना उघडबंद होणारे हूक असलेला छोटा पट्टा, लावायचा, त्यात दोर अडकवायचा आणि पुढे सरकायचं. शेवटचा बोल्ट दोन मीटर खाली असताना हात सुटला तर माणूस चार मीटर पडतो. त्यात दोराचं ताणलं जाणं आणि बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, सोडलेली ढील आणखी मिळवायची. दुसऱ्या बोल्टमध्ये दोर अडकवण्याआधीच पडला तर थेट जमिनीवर आदळण्याची भीती. सगळ्यांत वाईट क्षण कोणता, तर डोक्यावरच्या बोल्टपर्यंत नेण्यासाठी हातभर दोर ओढून घेतलेला असतो आणि तो अजून अडकलेला नसतो तो. म्हणून चांगला बोल्ट असा बसवलेला असतो की डाव्या हाताला भरवशाची पकड आहे, पाय स्थिर आहेत आणि उजवा हात छातीच्या उंचीवर सहज दोर अडकवतोय. खाली कंगोरा असेल तिथे बोल्ट जवळजवळ येतात. पुढे झुकलेल्या कड्यावर पडणारा हवेतच झुलतो, तिथे अंतर थोडं वाढलं तरी चालतं. वाट बसवणाऱ्याने आधी वरून दोरावर लटकून एकेक पकड हाताळलेली असते, खडूने खुणा केलेल्या असतात, आपल्यापेक्षा बुटक्या माणसाचा हात कुठवर पोचेल याचाही विचार केलेला असतो. तोनसाईत नीट बसवलेली वाट चढताना हा माणूस सतत जाणवत राहतो. तो कुठेही दिसत नाही, पण अवघड जागेच्या नेमक्या आधी बोल्ट येतो आणि कळतं की इथे आपल्या आधी कुणीतरी घाबरून पाहिलेलं आहे.

जागा ठरली की हातोडी. कातळावर ती हलकेच मारायची आणि ऐकायचं. घट्ट चुनखडी खणखणीत वाजते, पापुद्रा सुटलेला असेल तर आवाज बसका येतो. पोकळ पापुद्र्यात बसवलेला बोल्ट कितीही मजबूत असो, ओढ बसली की पापुद्र्यासकट निघून येईल.

इथवरचं कसब कुठल्याही चांगल्या कड्यावर दिसतं. तोनसाईचं वेगळेपण पुढे आहे. इथल्या सुरुवातीच्या वाटांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसले आणि थोड्याच वर्षांत ते तुटू लागले. तेही कसे? वरून चकचकीत, फार तर एखादा तपकिरी डाग, आणि आत मात्र तडे. युरोपीय मानकाप्रमाणे बोल्टने आडव्या ओढीला 25 किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच हजार किलोंचा भार सहन करायचा असतो. नेहमीच्या पडण्यात याच्यापेक्षा पुष्कळ कमी ओढ बसते. अशा बोल्टने साध्या पडण्यात दगा द्यावा, यामागे ताकदीची कमतरता नव्हती. समुद्राचं आणि कातळातून झिरपणाऱ्या पाण्याचं मीठ, धातूतला कायमचा ताण आणि हा ताण व मीठ एकत्र आले की चिरफळणारं स्टील, अशा तिघांनी मिळून केलेलं ते काम होतं. पाऊस जिथे मीठ धुऊन नेतो तिथे बोल्ट जास्त टिकतो. आरोहकाला जी कोरडी, झुकलेली, पावसातही चढता येणारी जागा सर्वांत प्रिय, तीच धातूला सर्वांत घातक.

हा रोग आरोहकांपुरता नव्हता. 9 मे 1985 रोजी स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी बंदिस्त जलतरण तलावाचं काँक्रीटचं छत कोसळलं आणि 12 माणसं गेली. छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांवर टांगलेलं होतं. तलावाच्या हवेतलं क्लोरीन त्या सळयांवर साचत गेलं होतं, आणि तिथेही त्यांना धुणारं पाणी कधी पोचलं नव्हतं. चढाईच्या बोल्टबद्दल बोलताना मला उस्टर आठवतं, कारण डोळ्यांनी केलेली तपासणी या रोगापुढे किती तोकडी पडते हे तिथे दिसलं.

आता टायटॅनियमची ती कडी जवळून पाहा. पेन्सिलीएवढी जाड सळई दुमडून पुढे डोळा केलाय आणि मागचे दोन पाय एकत्र आणलेत. हे पाय कातळातल्या छिद्रात राळेने चिकटवतात. पायांवर खाचा आहेत, कारण गुळगुळीत टायटॅनियमला राळ नीट धरत नाही, ती खाचांत शिरून बसावी लागते. डोळ्याच्या तळाशी कातळातही लहानशी खोबण कोरलेली असते, म्हणजे ओढ तिरकी आली तरी कडी फिरत नाही. नट नाही, नटाखाली बसणारी हँगर पट्टी नाही, कसून पिळलेला एकही भाग नाही. छिद्र ब्रशने घासून, फुंकून, पुन्हा घासून स्वच्छ करायचं, नाहीतर राळ कातळाला न चिकटता भुकटीला चिकटते. मग इपॉक्सी राळ भरायची, कडी आत सरकवायची आणि राळ पक्की होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. प्रत्येक तपशील मागच्या एखाद्या अपघाताला दिलेलं उत्तर आहे. खाऱ्या हवेत टायटॅनियमवर ऑक्साइडचा पातळ थर येतो, खरचटला तर पुन्हा आपोआप येतो, आणि या किनाऱ्यावरच्या मिठाने त्याला तडे जात नाहीत. कॅरिबियन समुद्रातल्या केमन ब्रॅक बेटावरच्या आरोहकांनाही याच वाटेने यावं लागलं.

या धातूची किंमत स्टीलच्या कैक पट. जोडकाम करायचं तर आर्गॉन वायूच्या आवरणाखाली करावं लागतं. तोनसाई-रायलेतले जुने बोल्ट बदलण्याचं काम थायटॅनियम प्रोजेक्ट या नावाने देणग्यांवर चालतं. एक जुना बोल्ट कापायचा, शेजारी नवं छिद्र पाडायचं, आणि हे सगळं उष्ण दमट हवेत, झुकलेल्या कड्याला लटकून, डोळ्यांत धूळ घेत. नवी वाट उघडली तर तिला नाव देता येतं. जुनी वाट सुरक्षित केली तर कुणाचं नाव कुठेच लागत नाही. माझ्या मते या खेळातलं सर्वांत मोठं काम हेच आहे.

आपल्या सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा आणि बहुतेक सुळके समुद्रापासून दूर, त्यामुळे तिथला रोग इथे जसाच्या तसा येईल असं नाही. पण जुने बोल्ट आपल्याही सुळक्यांवर कित्येक पावसाळे झेलत उभे आहेत, आणि त्यातला कुठला कधी बसवला, कोणत्या स्टीलचा, याची नोंद ज्या गटाकडे असेल त्याने ती उघडपणे सर्वांसाठी ठेवावी. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यातल्या कड्यांवर नवे बोल्ट मारायचे असतील तर धातूचा विचार छिद्र पाडण्याआधी करा. आणि तोनसाईला गेलात तर चढायच्या आधी स्थानिक आरोहकांना विचारा, ही वाट टायटॅनियमची आहे का. नसेल तर दुसरी निवडा. एखादा बोल्ट हलताना दिसला तर त्याच दिवशी सांगा, आणि परत निघण्यापूर्वी बोल्ट बदलण्याच्या निधीत पैसे टाका.