सूर दुरुस्त करायचा, पण कोणता?

मंडळी, नागपुरात सुराविषयी बोलायचं आणि वसंतराव देशपांडे आठवायचे नाहीत, असं होत नाही. ते इथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. १९६७ साली आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब त्यांनी रंगमंचावर प्रयोगागणिक गायले, दुरुस्तीची कसलीही सोय नसताना.

आता सोय आहे. १९९७ साली ऑटो-ट्यून आलं. अँडी हिल्डेब्रँड यांनी ते तेल शोधताना जमिनीखालचे तरंग वाचायच्या गणितातून घडवलं. ते गळ्यातला सूर मोजतं आणि जवळच्या ठरलेल्या स्वरावर नेऊन बसवतं. झटकन बसवलं तर आवाज यंत्रासारखा होतो, सावकाश बसवलं तर पत्ताही लागत नाही.

आमची हरकत यंत्राला नाही. भाव उतरलेला टेक एका निसटलेल्या स्वरापायी फेकून द्या, असं आम्ही म्हणणार नाही. पण दरबारी कानड्यातला गंधार घ्या. तो आंदोलित, एका जागी थांबतच नाही. यंत्राच्या हिशेबी ती चूक, आपल्या कानाला तोच राग!

वाद जुनाच आहे. ठरीव स्वरांत मींड येत नाही, या आक्षेपातून १९४० मध्ये आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली होती. पण पेटी निदान गळ्याच्या शेजारी वाजायची. हे थेट गळ्यात शिरतं.

म्हणून दुरुस्ती जरूर करा. फक्त बेसूर कुठे संपतो आणि आंदोलन कुठे सुरू होतं हे ज्याला कळतं, माऊस त्याच्याच हाती द्या.