तुरीचे भाव आणि भाकिताचे गणित

२४ ऑक्टोबर १९९५ च्या सूर्यग्रहणाची वेळ खगोलशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे आधी सांगून ठेवली होती आणि ती अचूक ठरली. मग पुढच्या सहा महिन्यांतली महागाई अर्थशास्त्रज्ञांना का सांगता येत नाही, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी वर्गात हमखास विचारतो. 'अर्थशास्त्र हे खरे विज्ञानच नव्हे' हे त्याचे सोपे उत्तर. पण ते चूक आहे. नेमके उत्तर शोधायला अकोला-अमरावतीच्या बाजार समितीपर्यंत गेले तरी पुरते.

आर्थिक घडामोडींमधले संबंध आकडेवारीवरून समीकरणांत बसवण्याच्या शास्त्राला अर्थमिती म्हणतात. भाव दहा टक्के वाढला तर पेरा किती वाढतो, हे मागच्या वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून काढायचे. मिळालेला सहगुणक समीकरणात घालायचा. आणि अशी अनेक समीकरणे एकत्र सोडवून पुढचा अंदाज सांगायचा. संपूर्ण देशाचे असे पहिले प्रतिमान १९३६ मध्ये नेदरलँड्ससाठी यान टिनबर्गेन यांनी मांडले. त्यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली होती, हे इथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता तुरीकडे वळू. वऱ्हाडात कपाशी आणि सोयाबीनच्या तासांमध्ये तूर घेण्याची जुनी रीत आहे. पेरणी जून-जुलैत होते, पीक हाती येते डिसेंबर-जानेवारीत. २०१४ आणि २०१५ या लागोपाठ दोन वर्षी देशात पाऊस कमी झाला. २०१५ च्या ऑक्टोबरात शहरांत तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली. पुढच्या वर्षी शासनाने बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव जाहीर केला, पाऊसही बरा झाला, आणि शेतकऱ्याने तूर वाढवली. देशाचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या आसपास गेले. २०१७ च्या सुरुवातीला वऱ्हाडातल्या हर्रासात तूर हमीभावाच्या बरीच खाली विकली जात होती. सरकारी खरेदी बारदान्याअभावी अडखळत राहिली. २२ एप्रिलला ती थांबली, तेव्हा केंद्रांपुढे तुरीने भरलेल्या गाड्या उभ्याच होत्या.

पाठ्यपुस्तकात याला 'कोळ्याच्या जाळ्याचे' प्रतिमान म्हणतात. चढा भाव, मग जास्त पेरा, मग पडलेला भाव, मग कमी पेरा. आलेखावर या रेघा जाळ्यासारख्या दिसतात. चित्र सुबक आहे, पण माझा पहिला आक्षेप त्यावरच आहे. या आलेखात शेतकरी फक्त गेल्या वर्षीचा भाव पाहतो आणि त्याच्याखेरीज कोणी निर्णयच घेत नाही. २०१६ मध्ये मात्र निर्णयांची गर्दी होती. व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा होती, डाळींची निर्यात बंद होती, जुलैत मोझांबिकशी आयातीचा करार झाला, आणि २०१६-१७ मध्ये देशात सुमारे ६६ लाख टन डाळी आयात झाल्या. यातले बरेचसे निर्णय चढ्या भावाला घाबरून घेतलेले किंवा पुढे चालू ठेवलेले होते. जुन्या वर्षांच्या सहगुणकांत ते कसे सापडणार?

दुसरा आक्षेप देशाच्या भाकितांवर आहे. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेचा अंदाज असा होता, की २०१७-१८ च्या पहिल्या सहामाहीत महागाईचा दर सरासरी ४.५ टक्के राहील. त्या बैठकीत रेपो दर ६.२५ टक्क्यांवर तसाच ठेवला गेला. जूनमध्ये महागाई दीड टक्क्यावर आली. सहामाहीची सरासरी २.६ च्या आसपास निघाली. दरात कपात झाली ती ऑगस्टमध्ये. या चुकीचा सगळा भार तुरीवर टाकता येणार नाही. तेव्हाच्या निर्देशांकात डाळींचा भार अवघा २.३८ टक्के होता. जूनमध्ये डाळी वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी स्वस्त होत्या. गुणाकार केला तर एवढ्याने महागाईचा दर अर्ध्या टक्क्याने उतरतो. भाज्याही उतरल्या होत्या. पण हा अर्धा टक्का मंडईत महिनोन्महिने उघड दिसत होता, आणि वऱ्हाडातल्या घरांसाठी तो वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न होता.

ही अडचण नवी नाही. १९३९ मध्ये केन्स यांनी टिनबर्गेन यांच्या पद्धतीवर हाच प्रश्न उभा केला होता: मागच्या काळातले संबंध पुढेही तसेच राहतील याची हमी काय? १९७६ मध्ये रॉबर्ट लुकास यांनी तो अधिक नेमका केला. धोरण बदलले की माणसांच्या अपेक्षा बदलतात, आणि त्या बदलल्या की जुने सहगुणक निकामी होतात. चंद्र आपले भाकीत ऐकून मार्ग बदलत नाही; शेतकरी, व्यापारी आणि मंत्रालय मात्र बदलतात.

म्हणून भाकितेच करू नयेत काय? तसे मुळीच नाही. १६ सप्टेंबर २०१६ ला अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने डाळींचे भाव घसरण्याचा धोका सांगितला होता. तातडीने खरेदी करा, निर्यातबंदी आणि साठामर्यादा उठवा, असेही सुचवले होते. तो इशारा खरा ठरला. पण तोवर पेरणी उरकली होती, आणि तुरीची निर्यात खुली झाली ती वर्षभराने, सप्टेंबर २०१७ मध्ये. ज्याला उपयोग आहे त्याच्यापर्यंत वेळेत न पोचलेले भाकीत अचूक असूनही वाया जाते.

माझे म्हणणे एवढेच आहे, की गृहीतांशिवाय दिलेला एकटा आकडा विज्ञान म्हणून स्वीकारू नये. वर्गात एखादा अंदाज वाचताना तीन प्रश्न जरूर विचारावेत. शासन काय करील असे त्यात धरले आहे? तो ऐकून लोक काय करतील? आणि तो पेरणीपूर्वी सांगितला की नंतर? जोडीला आपल्या बाजार समितीतले तुरीचे भाव विद्यार्थ्यांकडून दर आठवड्याला उतरवून घ्यावेत आणि प्रत्येक मोठ्या चढउताराशेजारी त्या आठवड्यातला सरकारी निर्णय लिहावा. कोळ्याच्या जाळ्यात कोणते धागे कमी आहेत, ते मुलांचे त्यांनाच दिसेल.